इमॅजिकाची नायट्रो: बार दोनदा ओढून पाहिला, म्हणून बसलो

खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कात नायट्रो या रोलर कोस्टरमध्ये बसून आलो, त्याची ही गोष्ट. पहिलेच सांगून देतो, मला उंचीची भीती नाही आणि वेगाचीही नाही. नागपूरला अजनीच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये, म्हणजे रेल्वेची इंजिनं दुरुस्त होतात तिथे, ब्रेक सेक्शनला ३४ वर्षं काढली, त्यामुळे मला भीती वाटते ती एकाच गोष्टीची: दुसऱ्या कोणीतरी अर्धवट आवळलेल्या नटाची. 'मज्जा किती आली' एवढंच वाचायला आला असाल तर उत्तर घ्या अन् मोकळे व्हा, बम मज्जा आली. उतरलो तेव्हा बायको म्हणाली, "अहो, तोंड मिटा आता." याच्या खाली जे लिहिलंय ते सगळं त्या नटाबद्दल आहे.

गोष्ट सुरू होते नागपुरातून. दोन वर्षांपूर्वी नातवाला घेऊन शहराबाहेरच्या एका पार्कात गेलो होतो. नाव लिहीत नाही, लिहून कोणाचं भलं होणार नाही. तिथे एक लहान कोस्टर होता, समोर ड्रॅगनचं तोंड, मागे सहा डबे. नातू आधीच चढून बसला. बसणाऱ्याला सीटमध्ये धरून ठेवणारा बार मी खाली ओढला तर बार राहतोच वर. लॉकचा खटका झिजून गोल झालेला. चालवणारा पोट्टा आला अन् त्यानं खिशातून निळी नायलॉनची दोरी काढली, शेळी बांधतात ना, तशी, आणि बार डब्याच्या कडीला बांधून टाकला. मी विचारलं, "का रे भाऊ, लॉक कुठे गेलं?" तर म्हणे, "काही होत नाही काका, रोज शंभर पोट्टे बसून राहिले."

'काही होत नाही.' शेडमध्ये यापेक्षा धोकादायक वाक्य मी ऐकलेलं नाही. हे वाक्य म्हणणारा माणूस वाईट नसतो, फक्त त्याच्या हातून आजवर काही झालेलं नसतं. मी नातवाला हाताला धरून उतरवलं. पैसे परत मागितले नाहीत. पोरगं घरी येईपर्यंत फुगून होतं, आणि रात्री जेवताना मी तोंडातून शब्द काढला की तुला खरी गाडी दाखवतो. लहान मुलं विसरतात म्हणणाऱ्यानं आमचा नातू पाहिलेला नाही. दोन वर्षं दर महिन्याला त्यानं भिंतीवर पेन्सिलनं स्वतःची उंची मोजली. यंदा सातवीत गेला, उंचीच्या पट्टीत बसला, आणि माझ्या लेकीनं तिकिटं काढून टाकली.

बायकोला कोस्टरशी काही घेणंदेणं नव्हतं. पण इमॅजिका आहे खोपोली-पाली रस्त्यावर, आणि तिला नकाशात दिसलं ते वेगळंच: पालीचा बल्लाळेश्वर अन् महडचा वरदविनायक. अष्टविनायकातले दोन गणपती एका दिवसात होतात म्हटल्यावर ती माझ्याआधी बॅग भरून तयार. तर आम्ही चौघं निघालो, मी, बायको, लेक अन् नातू. जावईबापूंना सुटी नव्हती.

नागपुराहून जाणाऱ्यांसाठी थोडक्यात: संध्याकाळची विदर्भ एक्स्प्रेस पकडा, सकाळी कल्याणला उतरा, तिथून कर्जतमार्गे खोपोलीची लोकल. पुढे रिक्षा किंवा टॅक्सी. खोपोलीच्या लोकल कमी असतात, वेळ पाहून निघा. आम्ही पहिल्या दिवशी दोन्ही गणपती केले, खोपोलीत मुक्काम केला, आणि दुसऱ्या दिवशी मंगळवार पाहून पार्कात गेलो. मधल्या वारी जा. शनिवार-रविवारी तिथे अर्धी मुंबई अन् अर्धं पुणं असतं, हे मला सांगायची गरज नाही.

रस्त्यात एक गोष्ट घडली तिचा पुढे संबंध येतो. पहाटे गाडी इगतपुरीला थांबली, मी नातवाला उठवलं आणि म्हटलं, आता कसारा घाट उतरणार, पाहून घे. ३७ ला १ असा उतार आहे तिथे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर खाली. कागदावर हा उतार काहीच वाटत नाही, सायकलवाल्यालाही हसू येईल. पण रेल्वेसाठी तो इतका खडा आहे की चढताना मागून जादा इंजिनं जोडावी लागतात, बँकर म्हणतात त्यांना. उतरताना ब्रेक गेला तर गाडी वळवून चढावर नेऊन थांबवायला वेगळी सायडिंग ठेवलेली असते, कॅच सायडिंग. नातवानं विचारलं, "आबा, मग ती नायट्रो कितीला १ आहे?" मी म्हटलं, उद्या पाहू.

पाहिलं. नायट्रोची उंची सुमारे ४० मीटर. आमच्या घाटाच्या हिशेबानं ४० मीटर चढायला दीड किलोमीटर रूळ लागतो. इथे तो चढ असा समोर उभा ठाकलेला, जिन्यासारखा, आणि त्याच्या पलीकडचा उतार तर दिसतच नाही, नुसता संपल्यासारखा वाटतो. नातू खाली उभा राहून वर बघत होता. काहीच बोलला नाही. मीही नाही.

आम्ही लवकर पोहोचलो होतो आणि त्याचा मला जो फायदा झाला तो लिहितोच. रांग सुरू व्हायच्या आधी त्यांनी रिकामी गाडी सोडली. सीट रिकाम्या, बार लावलेले, गाडी पूर्ण फेरी मारून आली. मग पुन्हा. लोकांना वाटलं काहीतरी बिघडलं असेल. मला मात्र तिथेच अर्धा जीव हलका झाला. आमच्याकडे शेडमधून इंजिन लाइनवर द्यायच्या आधी ब्रेक पाइपला ५ किलोचं प्रेशर धरतं की नाही, गळती किती, ब्रेकचे ब्लॉक किती झिजले, हे सगळं पाहून फिट लिहून द्यावं लागतं. जो सही करतो त्याचं नाव राहतं कागदावर. रिकामी गाडी फिरवणं म्हणजे तीच सही. मी लेकीला म्हटलं, "चल, इथे कोणीतरी सही केलेली आहे."

ही गाडी बनवली स्वित्झर्लंडच्या बोलिगर आणि माबिलार्ड या कंपनीनं. दोन इंजिनिअरांनी १९८८ मध्ये काढलेली, कोस्टरवाल्यांच्या जगात मोठं नाव. पार्क सुरू झालं २०१३ मध्ये, तेव्हा त्याचं नाव अ‍ॅडलॅब्ज इमॅजिका होतं, आणि नायट्रो त्याच वर्षीची. फ्लोअरलेस प्रकारची गाडी आहे. म्हणजे बसताना पायाखाली जमीन असते, निघायच्या वेळी ती फळी खाली सरकते आणि पाय हवेत लोंबकळतात. एका रांगेत चौघं, शेजारी-शेजारी. समोर ना डबा, ना दांडा. खुर्चीला चाकं लावून सोडून दिल्यासारखं.

रांगेत नातवाला मी इतिहास सांगून घेतला, कारण रांगेत दुसरं काम काय? रेल्वेचा माणूस म्हणून मला ही गोष्ट फार आवडते. कोस्टरची आजी कोळशाची गाडी आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात मॉक चंक नावाच्या गावी १८२७ मध्ये डोंगरावरच्या खाणीतला कोळसा खाली आणायला रूळ टाकले. भरलेली वॅगन उताराने आपोआप खाली यायची, फक्त ब्रेकवर एक माणूस. रिकाम्या वॅगनी परत वर ओढायला खेचरं होती, आणि ती खेचरं उतरताना वॅगनीत बसून खाली यायची! म्हणजे तिथे मजेची सवारी आधी खेचरांनी केली. पुढे लोकांच्या लक्षात आलं की खेचरांना इतकी मजा आहे तर आपणही बसावं, अन् पैसे देऊन बसू लागले. मग १८८४ मध्ये थॉम्पसन नावाच्या माणसानं न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर मुद्दाम मजेसाठी रूळ टाकले, तिकीट ५ सेंट, वेग ताशी १० किलोमीटरच्या आसपास. नातू म्हणाला, "आबा, एवढ्या वेगानं तर आई स्कूटी चालवते." लेकीनं त्याच्या टाळक्यात हळूच मारली. उमरेड-वणीचा कोळसा भरून जाणाऱ्या गाड्या आमच्या अजनीवरून रोज जातात. त्यांच्या पोटात असा नातेवाईक लपलाय हे त्यांना ठाऊक नाही.

रांग सरकत गेली तसा मला चाकांचा भाग जवळून दिसला आणि मी बोटानं दाखवायला लागलो. मागचे दोन पोरं पण कान देऊन ऐकून राहिले होते. रेल्वेच्या चाकाला आतून कड असते, तिच्या भरवशावर गाडी रुळावर राहते, बाकी सगळं वजनावर. कोस्टरला ते चालत नाही, कारण मध्येच तिचं वजन उलटं होतं. म्हणून चाकांचे तीन संच. एक रुळावर चालणारा, एक बाजूनं धरणारा, एक रुळाच्या खालून धरणारा. खालून धरणारं चाक जॉन मिलरनं १९१९ मध्ये आणलं आणि तिथून कोस्टर खरे उंच आणि खडे झाले. त्याच्या आधी गाडी उसळली की फक्त नशीब. आमच्या मालगाड्यांना असं काही दिलं असतं तर किती रुळावरून घसरणं वाचलं असतं, असा एक विचार आला आणि लगेच दुसरा आला की मग पॉइंट, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायचे सांधे, कसे बदलले असते? जाऊ द्या.

आता मूळ मुद्दा.

आम्ही बसलो. मला तिसरी रांग मिळाली, डावीकडे नातू, उजवीकडे लेक. बायको खाली बाकावर, पर्सा, चष्मे, चपला सांभाळत. चपला काढून ठेवाव्याच लागतात, पाय लोंबकळतात म्हणून. चष्मा काढला. आणि हो, माझी वरची दोन दातांची प्लेट मी रुमालात गुंडाळून बायकोकडे दिली. हसू नका. सत्तर वर्षांच्या आसपासच्या मित्रांनो, तुमच्यासाठीच लिहितोय.

खांद्यावरून जाडजूड हार्नेस, म्हणजे इथला बार, खाली आला, छातीशी टेकला, पुढे एक पट्टा, त्याचं बकल. एक पोरगा आला. विशीतला असेल, टोपी घातलेली. त्यानं माझा हार्नेस खाली दाबला. मग वर ओढला. जोर लावून ओढला, नुसता स्पर्श नाही. बकल हलवून पाहिलं. मग नातवाचा हार्नेस दाबला, ओढला. मग लेकीचा. पुढच्या रांगेकडे गेला, अन् तिथून परत वळला. मला वाटलं काय झालं? त्यानं नातवाचा हार्नेस पुन्हा एकदा ओढून पाहिला. काही बोलला नाही, हसलाही नाही. त्या दुसऱ्या ओढीसाठी मी या गाडीला पाचपैकी पाच देतो. बाकी सगळं त्याच्यापुढे बोनस.

दुसऱ्या बाजूनंही एक मुलगी तसंच करत आली. दोघांनी एकमेकांना अंगठा दाखवला. त्यानंतर कुठे पायाखालची फळी सरकली.

चढाला लागल्यावर खट-खट-खट असा आवाज येतो. सगळ्यांना वाटतं ती चेन. चेनचा आवाज वेगळा असतो. हा खटका आहे. डब्याला एक पंजा असतो, तो चढावरच्या दात्यांवरून घसरत जातो आणि प्रत्येक दात्याला खट वाजतो. चेन तुटली तर पंजा दात्यात अडकतो आणि गाडी मागे येत नाही. वॅगनच्या हातब्रेकला जसा रॅचेट असतो ना, तोच. लोक या आवाजानं घाबरतात, मी मोजत होतो. जोवर तो आवाज येतोय तोवर सगळं ठीक. आवाज थांबला की समजायचं, माथा आला.

आवाज थांबला.

इथून पुढे या गाडीला इंजिन नाही, बिजली नाही, काही नाही. चढताना जेवढं कमावलं तेवढंच खर्चायला. हॉटेलात बसून मी नंतर टिश्यूपेपरवर हिशेब केला: ४० मीटरवरून वस्तू सोडली, हवा-घर्षण धरलं नाही, तर वेगाचा वर्ग ७८४ येतो. वर्गमूळ एकदम गोळी, २८. सेकंदाला २८ मीटर म्हणजे ताशी १०० किलोमीटर. नातवाला तो टिश्यू दिला, त्यानं भौतिकशास्त्राच्या वहीत चिकटवलाय म्हणे. पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी मला कुठलाच वर्ग आठवला नाही. पोट मागे राहिलं आणि मी पुढे गेलो, एवढंच. वारा इतका की डोळ्यांतलं पाणी कानात गेलं. कोणीतरी 'आई गं' ओरडत होतं. नंतर कळलं ते मीच होतो. ६३ वर्षांच्या माणसाची आई कुठून येणार, पण आली.

मग लूप. गाडी पाच वेळा उलटी होते, पण पहिला लूप वेगळाच. मला वाटलं होतं वर गेल्यावर डोकं खाली लोंबकळेल, रक्त डोक्यात येईल. तसं काहीच होत नाही. उलट वरच्या टोकाला असताना सीटमध्ये दाबून बसवल्यासारखं वाटतं. आकाश पायाखाली गेलं, जमीन डोक्यावर आली, आणि शरीराला काही पत्ताच नाही. याचं कारण मला आधीच ठाऊक होतं आणि तरी अनुभवल्यावर मी मनात टाळी दिली. तो लूप गोल नसतो. खाली शिरताना वळण मोठं, वर पोहोचेपर्यंत लहान होत जातं, थेंबासारखा आकार. खाली वेग जास्त म्हणून वळण सैल ठेवायचं, नाहीतर मान मोडेल. वर वेग कमी म्हणून वळण आवळायचं, नाहीतर माणूस लोंबकळेल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कोनी आयलंडवर निव्वळ गोल लूप करून पाहिला होता, लोकांच्या मानेला असे हिसके बसायचे की तो प्रकार मागे पडला. मग १९७६ मध्ये वेर्नर श्टेंगल या जर्मन इंजिनिअरनं कॅलिफोर्नियात थेंबाच्या आकाराचा लूप बसवला आणि तेव्हापासून जग उलटं व्हायला मोकळं झालं.

आता गंमत बघा. हे वळण रेल्वेवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. सरळ रुळावरून एकदम गोलाईत कधीच शिरत नाहीत. मध्ये ट्रान्झिशन कर्व्ह टाकतात, वाकडेपणा हळूहळू वाढत जातो, त्याचबरोबर बाहेरचा रूळ हळूहळू उंच होत जातो. तुम्ही विदर्भ एक्स्प्रेसमध्ये रात्री चहाचा कप टेबलावर ठेवून झोपता अन् तो सांडत नाही, ती पर्मनंट वेच्या, म्हणजे रूळ टाकून सांभाळणाऱ्या, माणसाची करामत असते. नायट्रोनं तेच वळण उभं केलंय, बस. पर्मनंट वेवाला जो आमच्या कॉलनीत खालच्या मजल्यावर राहतो, त्याला मी आल्या-आल्या हे सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आमचंच काम उभं करून त्याचं तिकीट घेतात?" अगदी.

पुढचे चार उलटे प्रकार मला नीट सांगता येणार नाहीत. एकात वजन नाहीसं झालं, म्हणजे खरंच नाहीसं झालं, हार्नेस अंगाला लागतोय तेवढाच आधार. दोनदा पिळवटून निघालो. मध्ये एकदा नातवाकडे पाहिलं तर तो डोळे गच्च मिटून हसत होता. दोन्ही एकाच वेळी. मुलांना जमतं.

आणि मग ब्रेक. बाकीचे लोक इथे श्वास सोडतात, मी इथे कान लावला. गाडीच्या खाली एक उभी पट्टी असते, रुळावर बसवलेले जबडे तिला दोन्ही बाजूंनी धरतात. फुस्स असा हवेचा आवाज, आणि गाडी घसरगुंडीवरून मुलाला आईनं झेलावं तशी थांबली. हिसका नाही. मला चौतीस वर्षांत काही ड्रायव्हर असे भेटले की गाडी थांबवताना स्टेशनवरची कुत्री उठायची नाहीत, आणि काही असे की पँट्रीतलं वरण छताला. ही पहिल्या जातीची.

आणखी एक, जे नेहमीच्या प्रवाशाला दिसत नाही. स्टेशनात गाडी उभी असताना मागची गाडी ब्रेकवर थांबून राहिली होती. लोकांना वाटलं उशीर. तो उशीर नाही, ब्लॉक आहे. एका टप्प्यात एकच गाडी, पुढचा टप्पा मोकळा झाल्याशिवाय मागचीला परवानगी नाही. आमचाच नियम. स्टेशन मास्तरची झेंडी जाऊन सेन्सर आले, एवढाच फरक. मी वर बसलेल्या पोरांना सांगायला लागलो तर लेक म्हणाली, "बाबा, आता पुरे, त्यांना उतरू द्या."

दुसऱ्यांदा बसलो तेव्हा शेवटची रांग घेतली. पहिल्यांदा जाणाऱ्यांना हाच सल्ला देतो, पण उलटा: पहिली फेरी मधल्या रांगेत घ्या, शेवटची रांग दुसऱ्या फेरीसाठी ठेवा. कारण पुढचे डबे माथा ओलांडून खाली गेले की ते मागच्यांना ओढून घेतात. मागे बसणारा उतारावर पडत नाही, फेकला जातो. सगळ्यात पुढची रांग बघण्यासाठी चांगली, पायाखाली रूळ धावताना दिसतो. पण त्या रांगेसाठी वेगळी गर्दी असते, आम्ही थांबलो नाही.

ज्यांना ब्लड प्रेशर, हृदय, मान किंवा पाठीचा त्रास आहे, त्यांनी फलकावर लिहिलेलं गंमत समजू नये. मी निघायच्या आठवडाभर आधी माझ्या डॉक्टरांना विचारूनच गेलो. ते म्हणाले, जा, पण पोटभर खाऊन बसू नका. हे ऐकलं नसतं तर पुढच्या रांगेतल्या लोकांचं काय झालं असतं, सांगवत नाही. सकाळी खोपोलीत फक्त चहा-बिस्किटावर होतो.

बाकीच्या गाड्यांबद्दल लवकर आटपतो. डीप स्पेस म्हणून एक अंधारातला कोस्टर आहे. माझ्या कामाचा नाही, कारण रूळ दिसत नाही, अन् रूळ दिसला नाही तर मी कशावर विश्वास ठेवू? नातू म्हणतो हाच एक नंबर. त्याचं म्हणणं असं की दिसतच नाही म्हणून भीती कुठून येते तेही कळत नाही. हा विचार माझ्यापेक्षा खोल आहे, मान्य. गोल्ड रश एक्स्प्रेस हा घरच्या सगळ्यांनी बसावा असा, जुन्या खाणीची सजावट केलेला कोस्टर. इथे खाण आणि गाडी दोन्ही परत भेटली, मला बरं वाटलं. यात बायकोला बसवलं. ती उतरली, पदर सावरला आणि म्हणाली, "परत बसू या का?" चाळीस वर्षांच्या संसारात असं वाक्य मी फार थोड्या वेळा ऐकलंय. परत बसलो. राजासॉरस नावाची पाण्यातली सफर आहे, भिजायला होतं. नातवाला वाटलं नाव बनावट आहे. नाही रे बाबा, राजासॉरस खराच होता, नर्मदेच्या खोऱ्यात त्याची हाडं सापडली, २००३ मध्ये नाव ठेवलं. आपल्याकडे वरोऱ्याजवळ पिसदुऱ्यालाही डायनोसोरची हाडं निघाली आहेत, पण तिथे कोणी तिकीट लावून होडी सोडली नाही.

खायला आत सगळं मिळतं. तर्री, म्हणजे आमचा झणझणीत लाल रस्सा, मिळत नाही. हा दोष पार्काचा नाही, भूगोलाचा आहे. आम्ही सांबारवडी नेली होती, ती महडच्या देवळाबाहेर बसून खाल्ली आणि शेजारच्या पुण्याच्या बाईंनी विचारलं की यात सांबार कुठे आहे? त्यांना कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो हे समजावता-समजावता वडी संपली.

पैसे वसूल झाले का, हा प्रश्न इथे आल्यापासून कॉलनीतले सगळे विचारून राहिलेत. नागपुराहून चौघांचं जाणं-येणं, दोन रात्रींचा मुक्काम, तिकिटं. माझ्याकडे रिटायरमेंटचा पास आहे म्हणून मी गाडीभाड्यात वाचलो, बाकीच्यांना खर्च येतोच. फक्त कोस्टरसाठी एवढं लांब जाऊ नका असंच मी म्हणेन. गणपती जोडून घ्या, नेरळहून माथेरान जोडा, कोणाचं लग्न-मुंज असेल तर तेही जोडा. पण गेलात तर नायट्रोत बसाच. आणि बसायच्या आधी तुमचा हार्नेस ओढणाऱ्या पोराकडे बघा. तो दोनदा ओढतो का ते बघा.

परत येताना संध्याकाळची विदर्भ कल्याणला पकडली. दोन दिवसांचा शीण, नातू बसल्या-बसल्या खालच्या बर्थवर आडवा झाला. रात्री गाडी कसाऱ्याला थांबली. बँकर लागायचे होते. मी खिडकीला कान लावून बसलो, बायको म्हणाली झोपा आता, रोज ऐकलंय ते. मागून इंजिनं आली, जोडली, आणि पूर्ण गाडीला एक हलका धक्का बसला. नातू दचकला. डोळे न उघडताच त्यानं दोन्ही हात छातीशी घेतले आणि झोपेत विचारलं, "आबा, बार लावला का?"

मी त्याची चादर दोन्ही बाजूंनी नीट खोचली. मग पुन्हा एकदा ओढून पाहिली. म्हटलं, "लावला. दोनदा पाहिला."